मी घासून काढलेला घाव

ज्या तलवारीवरचा घाव मी माझ्या हाताने कानशीने घासून काढला, त्याच तलवारीवर घाव नाही म्हणून मी एका माणसाच्या बापाला भर गावात खोटं ठरवलं. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. शेवटी सांगायचं ठेवलं, तर मधल्या मजकुरात मी स्वतःसाठी कुठेतरी आडोसा बांधीन, हे मला माझ्याबद्दल माहीत आहे.

दिवाळी अंकासाठी माझ्याकडे लेख मागितला तो वेगळ्या कारणाने. परभणीत धार लावणारा एक मिस्त्री घरात जुन्या जपानी तलवारी जमवतो, त्यांचा अभ्यास करतो आणि बैठकीत मांडून ठेवतो, याचं लोकांना नवल वाटतं. "काहीतरी गमतीदार लिहा," असं मला सांगण्यात आलं. गमतीदार थोडं आहे. तेही येईल.

माझा धंदा धारेचा. एक लेथ, दोन ग्राइंडर, चमक आणणारा एक बफ आणि कानशींनी भरलेली भिंत, एवढं माझं वर्कशॉप. कडबाकुट्टीची पाती, छापखान्यातल्या कागद कापायच्या मशीनचं लांब पातं, पाथरीकडच्या ऊसतोडीचे कोयते, खाटकांचे सुरे यांवर घर चालतं. धार लावणाऱ्याला एक सवय लागते. पात्यावर कुठं खाच दिसली की हात शिवशिवतो. खाच म्हणजे दोष, आणि दोष काढायचा. याच सवयीने घात केला.

वीसेक वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आधी मुंजाजीबाबा माझ्याकडे पहिल्यांदा आले. बोरीच्या पुढे, येलदरीच्या अंगाला असलेल्या एका गावात त्यांच्या मेंढ्या होत्या आणि थोडी कोरडवाहू जमीन. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बाबांनी खांद्यावरच्या घोंगडीतून एक तलवार काढली आणि आधी स्वतःच्या कपाळाला लावली.

"मिस्त्री, देवाची वस्तू हाय. धार नको. निस्ती साफ करून द्या. लय गंज चढायलाय."

"कुठली हो बाबा? आपल्याकडची वाटत नाही."

"जपानी हाय. माझा बाप लिंबाजी पलटणीत व्हता. ब्रह्मदेशात एका जपानी साहेबासंगं हातघाईची झाली, त्याची हाय. दसऱ्याला पालखीच्या म्होरं चालती ही. तो मान आमच्या घरचा."

मी तोवर जपानी तलवार पाहिली नव्हती. दोन दिवस मी ती मन लावून साफ केली. पात्यावर कुंकवाचे आणि तेलाचे थर बसले होते. पाठीवर, टोकापासून वीतभर अंतरावर, तांदळाच्या दाण्याएवढी खाच होती, तिच्यात तर कुंकू दगडासारखं घट्ट झालेलं. मला वाटलं, पोराटोरांनी कधीतरी लाकूड फोडलं असणार. कानस लावली. जपानी तलवारीची धार इतकी कडक असते की कानस तिच्यावरून घसरते. पाठ मात्र मुद्दाम मऊ ठेवलेली असते, म्हणजे घाव बसला तरी पातं मोडत नाही, तो घाव पाठ गिळून टाकते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पाठ कानशीला पटकन वश झाली एवढंच मला कळलं आणि बरं वाटलं. खाचेच्या दोन्ही बाजू उतरवत आणल्या, एमरीचा कागद मारला, बफ फिरवला. खाच गेली.

बाबा तलवार न्यायला आले तेव्हा त्यांनी पाठीवरून अंगठा फिरवला. एकदा टोकाकडे, एकदा मुठीकडे. परत एकदा.

"इथं घाव व्हता."

"काढला की बाबा! बघा, नव्यासारखी झाली."

त्यांनी अंगठा पाठीवरून उचलला. मग म्हणाले, "बराबर हाय." तलवार कपाळाला लावली, घोंगडीत गुंडाळली. जाताना पिशवीतून येलदरीच्या धरणातला मासा काढून दिला. "ताजा हाय. घरी द्या," म्हणाले. मी तो आनंदाने घेतला. पुढे ही खाचेची गोष्ट माझ्या डोक्यातून साफ पुसली गेली. रोज शेकडो खाचा काढणाऱ्याला एक खाच कशी लक्षात राहणार?

लक्षात राहिली ती दुसरीच गोष्ट. साफ करताना धारेच्या कडेने एक धुकट पांढरी रेघ उमटली होती. सकाळी धरणाच्या पाण्यावर वाफ तरंगते तशी. धार लावण्यात माझी हयात चाललेली, पण लोखंडात असं काही असतं हे मी पाहिलं नव्हतं. ती रेघ काय, हे शोधायला मी निघालो आणि तिथून हा नाद लागला. पुस्तकं मागवली, डिक्शनरी घेऊन वाचली. इंटरनेट आलं तेव्हा परदेशातल्या जाणकारांना फोटो पाठवून प्रश्न विचारले. धार कडक आणि पाठ मऊ ठेवण्यासाठी पात्याला चिखल थापून ते तापवतात आणि पाण्यात बुडवतात, त्यात कडक आणि मऊ लोखंडामधली शीव उमटते, तीच ती रेघ. म्हणजे माझा सगळा अभ्यास मुंजाजीबाबांच्या तलवारीतून निघाला. आणि तिच्याकडे परत एकदा नीट बघावं असं मला इतक्या वर्षांत वाटलं नाही.

जपानी तलवारी आपल्याकडे कशा, असं सगळे विचारतात. महायुद्धात आपल्या भागातलीही माणसं पलटणीत गेली होती. कुणी लढाईत मिळवली, कुणाला युद्ध संपल्यावर मिळाली. जपान शरण आला तेव्हा त्यांच्या अधिकाऱ्यांनी तलवारी खाली ठेवल्या, त्यांचे ढीग लागले, त्यातल्या काही आठवण म्हणून वाटल्या गेल्या. घरी आल्यावर त्या माळ्यावर गेल्या, देव्हाऱ्यात गेल्या, काही विहिरीत गेल्या. पाथरीकडे एका विहिरीचा गाळ काढताना एक सापडली होती. गंजाने खाल्लेली, नुसती काडी. मला बोलावलं. त्या घरातली म्हातारी आजी ओट्यावर बसली होती. तिने एकदा बघितलं आणि म्हणाली, "वापस टाका ती. ज्यानं टाकली त्यानं काही बघूनच टाकली असंल." सगळे हसले. मी ती घेऊन आलो. आजीचं बोलणं तेव्हा मला अडाणीपणाचं वाटलं.

वीस वर्षांत माझ्याकडे पाच तलवारी जमल्या. बैठकीत लाकडी घोड्यांवर त्या आडव्या ठेवलेल्या असतात, धार वर करून. पात्याला उघडा हात लावायचा नाही, कारण घामाच्या बोटाचा ठसा गंज होऊन उठतो. पातं बघताना बोलायचं नाही, थुंकीचा कण उडतो. तेल लावायचं, तेही पुसट. मी शिलाई मशीनच्या तेलात लवंगेच्या तेलाचा थेंब टाकतो. पात्याचं जे शेपूट मुठीत बसतं, त्यावरचा गंज कधीच काढायचा नाही, कारण वय त्या गंजावरून कळतं. आमच्या उन्हाळ्यात म्यानाचं लाकूड तडकतं म्हणून एप्रिल-मेमध्ये खाली पाण्याची परात ठेवतो. माझी बायको मंगल म्हणते, "देवाच्या समईला नसेल एवढं तेल या सवतींना."

पोलिसांना मी पहिल्यापासून कळवून ठेवलेलं आहे. तरी दर सणाच्या आधी कुणीतरी येऊन बघून जातं. एकदा एका हवालदाराने पाचही तलवारी बघितल्या, चहा घेतला आणि विचारलं, "मिस्त्री, इतक्या बायका माणसाला सांभाळणं होत न्हाई, तुमी तलवारी कशा सांभाळता?" एकदा पांढऱ्या गाडीतून चार पोरं आली. साहेबांचा वाढदिवस होता, केक कापायला जपानी तलवार पाहिजे म्हणाली. मी म्हटलं, "केकचं क्रीम लागलं की तलवार खराब होते." "धुऊन देतो ना काका!" तलवार काही दिली नाही. त्यांनी दुसरीकडून कोणती तरी मिळवली, केक कापला, फोटो मोबाइलवर फिरला आणि दोन दिवसांनी तीच पोरं पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेली दिसली.

आणखी एकजण पत्र्याची, अजगराच्या तोंडाची मूठ असलेली शोभेची तलवार घेऊन आला होता. ती सामुराईची असल्याचं मी लिहून द्यावं असा त्याचा हट्ट. मी नाही म्हटल्यावर तो चिडला, "तुमी कोन सांगणार? तुमी काय जपानला जाऊन आलाव का?" मी हसलो. तेव्हा मी स्वतःला सांगणारा समजत होतो. कुठली खरी, कुठली खोटी, कुठली लढलेली, कुठली नुसती मिरवलेली, हे लोक मला विचारायचे आणि मी सांगायचो. सांगण्याची चटक लागते. ती दारूपेक्षा वाईट, कारण तिचा वास येत नाही.

माझ्याबद्दल पेपरात छापून आलं आणि मुंजाजीबाबांच्या गावाने मला दसऱ्याला सत्काराला बोलावलं. बोलावणं किशनरावांचं. किशनराव त्या गावच्या पाटील घराण्यातले. पालखीपुढे चालायचा मान पूर्वी त्यांच्या घरचा होता. लिंबाजी लढाईवरून आल्यावर गावाने तो मान त्याच्या तलवारीला दिला, म्हणजे मेंढरं राखणाऱ्याच्या घरी दिला. किशनरावांच्या घराला ते कधी पचलं नाही. हे मला नंतर कळलं. पण न कळताही मी जे केलं ते मीच केलं.

मारुतीच्या पाराजवळ सगळं गाव जमलं होतं. आपट्याची पानं लुटायला जायच्या आधीची वेळ. मला फेटा बांधला, शाल दिली. मुंजाजीबाबा तलवार दोन्ही हातांवर आडवी धरून उभे होते. मला बघून त्यांना आनंद झाला होता. "मिस्त्री, ओळखली का?" म्हणाले. मी मान हलवली. खरं तर मी तलवारच बघत होतो. मूठ सैनिकी, म्यान सैनिकी, पितळी सामान कारखान्यातलं. पाठीवरून नजर फिरवली. पाठ स्वच्छ.

किशनरावांनी माइक हातात दिला. "सांगा मिस्त्री, ही खरंच लढाईतली हाय का? एकदा गावाला कळू द्या."

आणि मी सांगितलं. शरणागतीबद्दल सांगितलं, ढिगांबद्दल सांगितलं, वाटपाबद्दल सांगितलं. म्हटलं, हातघाईत वापरलेल्या पात्यावर खुणा राहतात, जपानी लोक त्या खुणा जपतात, कधी काढत नाहीत. "या पात्यावर तिळाएवढीही खूण नाही. तेव्हा ही तलवार कुणाला मारून आणलेली नाही, भेट मिळालेली आहे. तीही अभिमानाचीच गोष्ट आहे." हे शेवटचं वाक्य मी मोठेपणाने टाकलं होतं.

"म्हंजी खिरापतीत भेटली म्हना की!" किशनराव म्हणाले.

गाव हसलं. आधी पुढची रांग, मग मागचे, मग ज्यांना ऐकू आलं नव्हतं तेही.

मुंजाजीबाबा एक पाऊल पुढे आले. "मिस्त्री, घाव व्हता. तुमालाच…"

"बाबा, असता तर दिसला असता की," मी माइकवर म्हणालो.

ते थांबले. माझ्याकडे असे बघत राहिले की आजही ती नजर मला आठवते, पण तेव्हा मला तिच्यात फक्त एका म्हाताऱ्याचा हट्ट दिसला. मग त्यांनी तलवार खाली केली. त्या वर्षी पालखी त्यांच्याच मागून गेली, पण कुणी वाट करून देत नव्हतं. ते लोकांच्या खांद्यांना चुकवत चालले होते.

पुढच्या दसऱ्याच्या आधीच मान परत किशनरावांच्या घरी गेला. कानावर आलं की पोरं बाबांच्या मेंढ्यांच्या मागून "खिरापत, खिरापत" ओरडतात. मला वाईट वाटलं. पण खोटं बोलून कुणाची इज्जत राखायची नसते, असं मी मंगलला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "खरं बोलायला माइक लागतो का?"

त्यानंतर एके दिवशी बाबा घरी आले. गावातून जीपने बोरी, तिथून एसटीने परभणी. बैठकीत आले, पाणी घेतलं, बसले नाहीत. भिंतीकडच्या पाच तलवारी एकेक करून बघितल्या.

"ह्या समद्या लढलेल्या हायेत का?"

"ते कुणाला माहीत, बाबा."

"मंग ह्यांला कुणी काही इचारत न्हाई. चांगलं हाय."

त्यांनी घोंगडी सोडली. "ही ठिवून घ्या. तुमच्या भिंतीला शोभंल. आमच्या घरात आता हिला जागा न्हाई."

"मी तशी कशी घेऊ? किती देऊ, सांगा."

"खिरापतीचे पैसे घेतेत व्हय?"

हे ते रागाने बोलले नाहीत. हिशेब बरोबर असल्यासारखं बोलले आणि चपला घालून निघाले. मंगल दारापर्यंत गेली. परत येऊन मला म्हणाली, "अहो, देवाची वस्तू माणूस अशी सोडत नसतो. उठा, थांबवा त्यांना." मी टेप घेऊन पात्याची लांबी मोजत होतो. "त्यांनी स्वखुशीने दिली," म्हणालो. तलवारीसाठी सहावा घोडा केला, शेजारी पाटी लावली: शरणागतीत मिळालेली, सैनिकी बांधणीची तलवार. येणाऱ्याजाणाऱ्याला मी ती पाटी वाचून दाखवायचो.

पावसाळ्यात तलवारींना तेल बदलावं लागतं. खिडकीशी उजेडात बसून मी ती तलवार पुसत होतो. पाठ सरळ आहे का हे बघायला पातं डोळ्यापुढे आडवं धरलं, तर टोकापासून वीतभरावर उजेडाची रेघ मोडली. तिथे बोटभर लांबीत पाठ किंचित खोलगट होती. भिंग आणलं. बफची चमक वर होती, खाली कानशीचे ओरखडे. बफने ओरखडे चमकतात, जात नाहीत. आणि ते ओरखडे उलटे होते.

मी डावखुरा आहे. माझी कानस इतरांच्या उलट तिरकी उतरते. वडील असेपर्यंत वर्कशॉपमध्ये यावरून माझी थट्टा व्हायची, "ही उतरण आपल्या डावऱ्याची." अशी उतरण या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाची मी पाहिलेली नाही.

मग सगळं आठवलं. दगडासारखं घट्ट झालेलं कुंकू, शिवशिवणारा हात, बाबांचा अंगठा, "इथं घाव व्हता," तो मासा. आणि पारावर त्यांनी बोलायला घेतलेलं वाक्य: "तुमालाच…" ते "तुमालाच मालूम हाय" असं असणार. मी त्यांचा साक्षीदार होतो. त्यांनी भर गावात माझी साक्ष मागितली आणि मी माइकवर नाही म्हणालो.

मंगल स्वयंपाकघरातून आली. "काय झालं? हात कापला का?"

"नाही."

पुढचं लिहायला सगळ्यात जड जातं. माझ्या हातात बारीक एमरीचा कागद होता. माझ्या मनात आलं, हे ओरखडे एवढे घासले की संपलं. या जगात हे फक्त मला माहीत आहे. मी कागदाची घडीसुद्धा केली होती. शेवटी घासलं नाही, पण त्यात माझं काही पुण्य नाही. मंगल समोर उभी होती म्हणून नाही घासलं.

ती म्हणाली, "आजच्या आज जा." मी गेलो नाही. आधी पावसाचं निमित्त, मग कडबाकुट्टीच्या कामाची गर्दी. खरी भीती वेगळी होती. माझं बोलणं लोक आता प्रमाण मानत होते, ते जाईल ही भीती. हिवाळा सरला. एक दिवस त्या गावचा एकजण पाती घेऊन आला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मुंजाजीबाबा कसे आहेत?"

"बाबा तर गेले की मागंच. तुमाला मालूम न्हाई? लय दिवस खाटंवरच व्हते. पाराकडं येणं तर कवाच सोडलं व्हतं."

मी त्याच्या पात्यांना धार लावून दिली. त्या दिवशी ती चांगली लागली नाही.

मग गेलो. तलवार बरोबर घेऊन. मुंजाजीबाबांची बायको सुंदरामाय वाड्यात लेंडीखत पाटीत भरत होती. मेंढ्यांचा वाडा, काट्यांच्या कुपाचा. मी तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती खत भरत राहिली. सांगून झाल्यावर तिने हात झटकले.

"त्या घावाचं तुमाला कुणी सांगितलं न्हाई?"

"नाही."

"सासरे सांगायचे, जपान्यानं तलवार उचलली, ह्यांनी बंदूक आडवी घातली, संगीन पात्याच्या पाठीवर बसली अन् ठिनगी उडाली. तवाचा घाव त्यो. दसऱ्याला पयलं कुंकू त्याच्यात. समद्यांच्या आधी त्याच्यात, मंग देवीला. माझं लगीन झालं तवा सासऱ्यानं माझं बोट धरून त्याच्यात ठिवलं व्हतं. म्हनले, हे आपलं घर."

"माय, मी साफ करून दिली तेव्हाच बाबा मला का बोलले नाहीत?"

"म्या बी तेच म्हनलं. तर म्हनतेत कसे, मिस्त्रीनं मन लावून केलंय, त्येला कसं बोलावं? त्या दसऱ्याला अंधारी जागा चाचपडल्यावानी अंगठा फिरवित बसले पाठीवर. मंग अदमासानं कुंकू लावलं."

मी खाली वाकलो, तिच्या पायांकडे हात नेला. ती मागे सरकली.

"न्हाई. भरल्या गावात बोललात अन् माफी मेंढरांच्या वाड्यात मागायलाव? जिथं बोललात तिथं बोला. दसऱ्याला या. तवर ती तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. तुमाला रोज दिसंल."

रोज दिसली. मी पाटी काढून टाकली होती, पण तिच्या चिकटपट्टीची खूण भिंतीवरून निघाली नाही.

आता ती तलवार त्यांच्या घरी आहे आणि सहावा घोडा रिकामा आहे. मान कुणाचा, याचा निकाल गावाने अजून लावलेला नाही. तो लागेल की नाही हे मला माहीत नाही, आणि तो माझ्या बोलण्यावरून लागावा असंही मला वाटत नाही. हल्ली कुणी तलवार घेऊन आलं आणि कुठली, कशी आली विचारलं, तर पातं काय सांगतं तेवढं सांगतो. पातं फार थोडं सांगतं. माणूस बोलायला लागला की मी हातातलं काम खाली ठेवतो. हे शहाणपण मला फार महाग पडलेलं नाही. ज्यांना पडलं ते आता नाहीत.

तर तो दसरा सांगायचा राहिला. तोच पार, तेच गाव, फेटा नाही. किशनरावांनी मला तलवारीसकट बघितलं आणि मोठ्याने म्हणाले, "बोलू द्या मिस्त्रीला. आपले सत्कारमूर्ती हायेत ते." मी माइक घेतला नाही. पहिल्या खेपेला घेतला होता तेवढा पुरे होता. पण सवय जात नाही. मी जपानी तलवारीची पाठ मऊ का असते तिथूनच सुरुवात केली. कडक धार, मऊ पाठ, चिखल, पाणी.

बायकांच्या घोळक्यातून सुंदरामायचा आवाज आला. "मिस्त्री, ती शाळा ऱ्हाऊ द्या. ज्यांला खोटं पाडलं त्यांचं नाव घ्या."

मी थांबलो. मग म्हणालो, "लिंबाजीबाबांच्या तलवारीवर घाव होता. मुंजाजीबाबांनी ती मला साफ करायला दिली तेव्हा तो मी माझ्या हाताने घासून काढला. पुढे इथेच उभं राहून घाव नाही म्हणालो. बाबा सांगत होते, मी त्यांना बोलू दिलं नाही."

कुणी हसलं नाही. किशनराव म्हणाले, "मंग आता काय समजायचं गावानं? लिंबाजीनं मारला जपानी का न्हाई मारला?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "तो घाव संगिनीचा होता की लाकूड फोडल्याचा, हे कदाचित तो बघून कुणी जाणता सांगू शकला असता. आता कुणीच सांगू शकणार नाही. ते मी संपवलं."

सुंदरामाय पुढे आली. हातात कुंकवाचा करंडा. मी तलवार दोन्ही हातांवर आडवी धरली, मुंजाजीबाबा धरायचे तशी. तिने पाठीवरून बोट फिरवलं, माझ्या कानशीने पाडलेल्या त्या खोलगट जागेशी थांबली, पण कुंकू लावलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत वाट बघत राहिली.

"लिंबाजीबाबा, तुम्हाला मी खोटं ठरवलं," मी म्हणालो. "मुंजाजीबाबा, तुम्ही माझी चूक पोटात घातली आणि मी तुम्हाला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. कळल्यावरही मी आलो नाही, तुम्ही जाईपर्यंत आलो नाही. माय, तुमच्या घरचा घाव मी पुसला, तो मला परत करता येत नाही. मला माफ करा."